स्कूल डिस्ट्रिक्टची पत्रं, फोन आणि फॉर्म: अमेरिकेतल्या मराठी पालकांनी काय भरायचं, काय मागायचं

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडचा जिल्हा नव्हे, तर ठरलेल्या हद्दीतल्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा. हवाईत अख्ख्या राज्याचं एकच डिस्ट्रिक्ट आहे, तर न्यू जर्सीत पाच मैलांवर घर बदललं तरी डिस्ट्रिक्ट बदलू शकतं. ते बदललं की जुन्या पोर्टलवरचे (डिस्ट्रिक्टच्या पालकांसाठीच्या वेबसाइटवरचे) फोन नंबर, संमती, नकार यातलं काहीच सोबत येत नाही. फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरावे लागतात.

शाळेत प्रवेशाची मुख्य अट म्हणजे डिस्ट्रिक्टच्या हद्दीतलं राहणं. व्हिसा कोणता, आहे की नाही, यावरून सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो खटल्यात हे ठरवलं. सोशल सिक्युरिटी नंबरही सक्तीचा नाही, ती चौकट रिकामी ठेवता येते. लागतं ते इतकंच: मुलाच्या वयाचा पुरावा (जन्मदाखला किंवा पासपोर्ट), पत्त्याचा पुरावा (भाडेकरार आणि विजेचं किंवा गॅसचं बिल), पालकाचं फोटो ओळखपत्र आणि लसीकरणाची नोंद.

भारतातून नुकत्याच आलेल्या घराला पहिलं पत्र येतं ते बहुधा शाळेच्या नर्सचं, आणि ते लसींबद्दल असतं. अडतं तीन ठिकाणी. सरकारी लसीकरणातली एमआर लस गोवर आणि रुबेलाची असते, गालगुंडाची नाही. त्यामुळे बहुतेक राज्यांना हवे असलेले एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस पूर्ण होत नाहीत. १ एप्रिल २०१६ नंतर तोंडावाटे दिलेले पोलिओचे डोस अमेरिकेत धरले जात नाहीत. आणि तिसरी गोष्ट तारखेची. मुलाचा जन्म १० जून २०१८ चा, एमएमआर दिली ५ जुलै २०१९ ला आणि कार्डावर लिहिलंय ०५/०७/२०१९. इथे ते ७ मे वाचलं जातं, म्हणजे वर्ष पूर्ण होण्याआधीची लस, म्हणजे डोस बाद. कार्डाच्या प्रतीसोबत महिना अक्षरात लिहिलेली तारखांची यादी डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह द्या.

आता संपर्काचा फॉर्म. त्यात पालक आणि तातडीचा संपर्क हे दोन वेगळे रकाने असतात आणि घोळ इथेच होतो. रिपोर्ट कार्ड, गैरहजेरीचा फोन, बैठकीचं निमंत्रण हे पालक म्हणून नोंदलेल्या व्यक्तीलाच जातं. तातडीच्या संपर्कात नाव असलेल्याला साधारणपणे फक्त अडचणीच्या वेळी फोन येतो. मुलाला घरी नेण्याची परवानगी ही अनेक ठिकाणी आणखी तिसरी चौकट असते. सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा मुलाला आणायला जाणार असतील, तर त्यांचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, कारण ऑफिसात ओळखपत्र मागतात आणि आडनाव मागेपुढे झालं तरी मूल सोडत नाहीत. भारतातला मोबाइल नंबर घालून उपयोग नाही; आपोआप फोन लावणाऱ्या बहुतेक यंत्रणा इथले दहा आकडी नंबरच घेतात.

नेहमीच्या एसएमएसना कंटाळून 'स्टॉप' असं उत्तर पाठवू नका. त्याने त्या नंबरवरून येणारे सगळेच संदेश थांबू शकतात, बर्फामुळे शाळा बंद असल्याचाही. पोर्टलवर जाऊन नको असलेले प्रकार तेवढे बंद करा. आधीच थांबवले असतील, तर त्याच नंबरवर 'स्टार्ट' पाठवून बहुधा पुन्हा सुरू होतात.

घरातल्या भाषेची प्रश्नावली प्रवेशाच्या वेळीच येते. मूल आधी कोणती भाषा शिकलं, घरात कोणती बोलतात, मूल जास्त कोणती वापरतं, असे प्रश्न असतात. मुलाला ईएसएलला, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गाला, टाकतील या भीतीने सगळीकडे इंग्रजी लिहिणारे पुष्कळ. तसं करू नये. मराठी लिहिल्याने फक्त इंग्रजीची चाचणी होते, आणि मूल त्यात पास झालं की विषय संपतो. खरंच मदत लागणार असेल, तर शाळेने शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीपासून ३० दिवसांत पालकांना कळवायचं असतं. ती मदत पालक नाकारू शकतात. दरवर्षीची इंग्रजीची परीक्षा मात्र टळत नाही.

शाळेने तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलावं, हा प्रश्न वेगळा. इंग्रजी कमी येणाऱ्या पालकाला दुभाषा फुकट मिळायला हवा. त्यामागे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण आहे. भाषेच्या रकान्यात 'इंडियन' लिहिलं तर हिंदी दुभाषा येण्याचीच शक्यता जास्त; स्पष्ट 'मराठी' लिहा. मराठी दुभाषा बहुधा फोनवरूनच मिळतो, म्हणून बैठकीच्या निदान आठवडाभर आधी ईमेलने मागणी करा. मुलालाच भाषांतर करायला बसवणं चूक आहे, विशेषतः विषय त्याच्याच वागणुकीचा असेल तेव्हा.

वर्षाच्या सुरुवातीला फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या १९७४ च्या कायद्याची सूचना येते. लांबलचक असते, म्हणून कोणी वाचत नाही. आणि या प्रकारात गप्प बसणं म्हणजे संमती. नाव, पत्ता, फोन, फोटो, जन्मतारीख यांतलं जे डिस्ट्रिक्टने 'डिरेक्टरी माहिती' म्हणून जाहीर केलं असेल, ते तुमच्या संमतीशिवाय बाहेर देता येतं. नको असेल तर सूचनेतल्या मुदतीत लेखी नकार द्यायचा. पण सरसकट नकार दिला, तर इयरबुकातून (शाळेच्या वर्षाच्या फोटोंच्या पुस्तकातून) आणि गुणवंतांच्या यादीतूनही नाव गळतं, मग जूनमध्ये मूल रुसतं. फॉर्मवर वेगवेगळे पर्याय असतील तर इयरबुक चालू ठेवा, बाकी बंद करा. हायस्कूलच्या मुलांची माहिती सैन्यभरतीवाल्यांना देण्याबाबतचा नकार अनेकदा स्वतंत्र चौकटीत असतो. बऱ्याच डिस्ट्रिक्टांत हे सगळं दरवर्षी नव्याने भरावं लागतं.

मुलाची शाळेतली फाइल पाहायची असेल, तर मुख्याध्यापकांना तारीख घालून लेखी विनंती करा. 'सगळं दाखवा' असं मोघम न लिहिता हजेरी, शिस्तीच्या नोंदी, चाचण्यांचे निकाल असं नेमकं लिहा. शाळेला जास्तीत जास्त ४५ दिवस मिळतात. हक्क पाहण्याचा आहे; प्रतींचे पैसे घेऊ शकतात, फाइल शोधून काढण्याचे नाही. घटस्फोट झाला असला तरी, न्यायालयाने तसा हुकूम दिला नसेल तर, आई-वडील दोघांनाही हा हक्क असतो. नोंद चुकीची वाटली तर दुरुस्तीची मागणी करता येते. शाळेने नाकारलं तर सुनावणी, आणि तिथेही नकार मिळाला तर तुमचं म्हणणं फाइलला जोडून घेता येतं. मिळालेला ग्रेड आवडला नाही म्हणून हा मार्ग वापरता येत नाही. मूल १८ वर्षांचं झालं की हे सगळे हक्क त्याच्याकडे जातात.

शाळांच्या हद्दी बदलणं, बसचे मार्ग, बजेट हे विषय शाळेत नाही, डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाच्या बैठकीत ठरतात. कॅलिफोर्नियात नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवा. दोन-तीन मिनिटंच मिळतात, तेव्हा अजेंड्यातला क्रमांक सांगून थेट मागणीवर या. तिथलं बोलणं सहसा रेकॉर्ड होतं, त्यामुळे कोणत्याही मुलाचं नाव घेऊ नका, स्वतःच्याही नाही. एकट्या मुलाची तक्रार आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग डिस्ट्रिक्ट ऑफिस याच क्रमाने न्या, आणि प्रत्येक पायरीवर ईमेलच करा. फोनवर झालेलं बोलणं त्याच संध्याकाळी दोन ओळींत लिहून पाठवलं की त्याचीही तारखेसह नोंद होते.