गळ टाकण्याआधी आम्ही दगड का उलटतो?

तीर्थन नदीवरच्या मासेमारीच्या सहलीत पहिल्या सकाळी पाहुणे हमखास वैतागतात. पुण्याहून दोन दिवस प्रवास करून हिमाचलात आलोय, हातात गळ आहे, आणि आमचा माणूस मात्र गुडघाभर पाण्यात वाकून दगड उलटतोय! म्हणून हे पत्रक.

आपण ज्याच्यासाठी गळ टाकतो तो ब्राउन ट्राउट मासा मूळचा इथला नाही. इंग्रजांनी तो १९०९च्या सुमारास कुल्लू भागात आणला. (सह्याद्रीत का सोडत नाही, असं दरवेळी कुणीतरी विचारतंच. आपला उन्हाळा त्याला सोसणार नाही, आणि परका मासा सोडूही नये.) त्याला पाणी १० ते १६ अंशांचं लागतं. म्हणून दुपार कलताना, नदी सर्वांत तापलेली असताना, आम्ही थर्मामीटर बुडवतो. पारा २०च्या वर गेला तर त्या दिवशी गळ नाही. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. पकडून सोडलेला मासाही मग वाचेलच असं नाही.

आता दगड. खाली स्टोनफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या किड्याच्या अळ्या सापडल्या की आम्ही खूश. घाण पाण्यातून त्या सर्वांत आधी नाहीशा होतात. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दगड उचलायला किती जोर लागतो. सहज निघाला तर उत्तम. गाळात रुतलेला असेल तर काळजी. ट्राउटची मादी हिवाळ्याच्या तोंडावर शेपटीनं खडीत खळगा करते, अंडी घालते आणि वर खडी लोटते. थंड पाण्यात पिल्लू निघायला दोन-तीन महिने लागतात. तेवढे दिवस खडीच्या फटींतून ताजं पाणी खेळतं राहायला हवं. वर कुठे रस्ता खोदून मलबा नदीत ढकलला, की त्या फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. मोठे मासे मात्र दिसत राहतात, त्यामुळे एक-दोन वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच काठाजवळच्या उथळ पाण्यात आम्ही बोटभर पिल्लं शोधतो.

ती दिसली नाहीत तर तो पट्टा त्या मोसमापुरता बंद. तुम्हाला दुसरीकडे नेऊ. चाल थोडी वाढेल, पैसे नाहीत.

१ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी सरकारी नियमानंच बंद असते. मार्चमध्ये येणाऱ्यांनी एवढं पाळावं: उथळ पाण्यात आजूबाजूपेक्षा उजळ, नुकतीच धुतल्यासारखी खडी दिसली तर तिच्यावर पाय देऊ नका. पिल्लं अजून आत असू शकतात.