पुढचं ग्राफिक्स कार्ड किती वॅट घेणार? चर्चेतले आकडे पारखून घेण्याविषयी

नवं मोठं कार्ड येणार अशी कुणकुण लागली की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा. ‘आत्ताच बाराशे वॅटचा घेऊन ठेवू का?’ बहुतेक वेळा आम्ही ‘थांबा’ म्हणतो. का, ते इथे सांगतो.

२०२२ साली एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ४०९० कार्ड येण्याआधी कित्येक महिने ६०० वॅटची, कुठे कुठे तर ८००-९०० वॅटची बोलवा होती. ऑक्टोबरमध्ये कार्ड आलं ते ४५० वॅटचं. पण ६०० चा आकडा कुणी हवेतून काढला नव्हता. नवा १६ पिनांचा प्लग ६०० वॅटपर्यंतचा होता आणि काही कार्डांवर पॉवर लिमिट (कार्डाने जास्तीत जास्त किती वीज ओढायची ती मर्यादा) तेवढी चढवताही येत होती. आकडा खरा, पण कमाल मर्यादेचा. म्हणून वॅट कानावर आले की आधी विचारा: हे प्लगचे, कूलरचे, की कार्ड जसं येतं तसं लावल्यावरचे?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे चिप कोणत्या प्रक्रियेवर बनणार. नॅनोमीटरचा आकडा लहान, तितकी प्रक्रिया साधारणपणे नवी आणि ट्रान्झिस्टर बारीक. आरटीएक्स ३०९० टीआय ४५० वॅटचंच होतं, पण त्याची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवरची. ४०९० टीएसएमसीच्या ४एन प्रक्रियेवर गेलं आणि तेवढ्याच विजेत कितीतरी वेगवान झालं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये ५०९० आलं, तेव्हा प्रक्रिया त्याच पिढीची राहिली. कोर, म्हणजे चिपमधले हिशेब करणारे भाग, मात्र १६,३८४ वरून २१,७६० झाले, मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातली वाट, ३८४ वरून ५१२ बिट झाली. एवढं सगळं वाढवायचं आणि ट्रान्झिस्टर मात्र जवळपास त्याच प्रकारचे, तर फरक विजेतूनच भरून निघणार. वॅट झाले ५७५. पुढची पिढी ३ नॅनोमीटरच्या घरात गेली, तर तेवढ्याच विजेत जास्त काम व्हायला वाव आहे. ती बचत कंपनी वीज कमी करायला वापरेल की चिपच्या घड्याळाचा वेग वाढवायला, हा खरा प्रश्न. वेग वाढवायला व्होल्टेज चढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेगाचे शेवटचे चार-पाच टक्के म्हणूनच फार महाग पडतात.

मेमरीची बातमी तर घरबसल्या तपासता येते. एक मेमरी चिप ३२ बिटची. ३८४ बिटची बस म्हणजे १२ चिप, ५१२ बिटची म्हणजे १६. जीडीडीआर७ या नव्या प्रकारच्या मेमरीच्या चिप २ जीबीच्या आहेत, आता ३ जीबीच्याही मिळतात. म्हणजे ३८४ बिटवर २४ किंवा ३६ जीबी, ५१२ वर ३२ किंवा ४८. पाठीमागच्या बाजूलाही चिप बसवल्या तर याच्या दुप्पट. कुणी ‘३८४ बिट आणि ३२ जीबी’ असं छातीठोकपणे सांगितलं, तर गणितच बसत नाही.

विजेलाही अशीच एक भिंत आहे. १६ पिनांचा एक प्लग ६०० वॅट आणि मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅट, मिळून ६७५. ५०९० या भिंतीच्या बऱ्यापैकी जवळ पोचलंय. तेव्हा ८०० वॅटचं कार्ड येतंय असं ऐकलं, तर दुसरा प्लग कुठे आहे ते आधी विचारा.

प्लगविषयी थोडं सविस्तर सांगायलाच हवं. ६०० वॅट १२ व्होल्टवर म्हणजे ५० अँपिअर, १६ पैकी १२ व्होल्टच्या सहा पिनांत वाटले तर प्रत्येकी आठाहून थोडे जास्त. जुन्या ८ पिनांच्या प्लगवर १५० वॅटला हाच भार १२ व्होल्टच्या तीन पिनांत पिनेमागे चार अँपिअरच्या आसपास होता. नव्यात हात राखून फारसं काही ठेवलेलं नाही. प्लग अर्धवट बसला किंवा एखाद्या पिनेचा संपर्क सैल राहिला की उरलेल्या पिनांवर बोजा येतो आणि प्लास्टिक वितळतं. आम्ही प्लग बसवल्यावर टॉर्च मारून कडेने बघतो, फट दिसता कामा नये. आणि प्लगपासून निदान साडेतीन सेंटिमीटर वायर सरळ ठेवतो. कॅबिनेटचं दार वायरीला टेकत असेल तर ते कॅबिनेट त्या कार्डासाठी नाही, मग दिसायला कितीही छान असो.

एसएमपीएसच्या बाबतीत मोठ्या वॅटपेक्षा क्षणिक उसळ्या पेलण्याची ताकद बघा. आमच्याकडे एक मशीन आलं होतं, गेम सुरू असताना अचानक बंद पडणारं. कागदावर वॅट पुरेसे होते. कार्ड क्षणभर आपल्या मर्यादेपेक्षा खूप जास्त वीज ओढायचं आणि एसएमपीएस संरक्षणासाठी स्वतःला बंद करून घ्यायचा. एटीएक्स ३.० मानकाचा, तेवढ्याच वॅटचा एसएमपीएस लावला आणि तक्रार संपली. या मानकात १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट वीज पेलण्याची अट आहे.

आणि हो, यूपीएस. त्यावर व्हीए (व्होल्ट-अँपिअर) लिहिलेले असतात, वॅट नव्हे. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमधून साधारण ३६० वॅटच मिळतात.

५७५ वॅटचं कार्ड पूर्ण भारावर चार तास चाललं की २.३ युनिट वीज जाते आणि ती सगळी उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येते. पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली तर खेळात फरक सहसा जाणवतही नाही, पंख्याचा आवाज मात्र लगेच कमी होतो. नवं कार्ड बसवून देताना आम्ही हे करून दाखवतो. हवं तेव्हा तुम्ही पूर्ववत करू शकता.

नव्या कार्डाविषयी विचारायला येताना तुमच्या एसएमपीएसच्या लेबलचा फोटो आणि कॅबिनेटच्या आतली लांबी मोजून आणा. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर स्पष्ट दिसले पाहिजेत. आम्ही आधी तेच वाचतो.