हवा विरळ झाली, पण कार्बुरेटरला कळलं नाही

सपाटीवर सुरळीत चालणारा छोटा पेट्रोल ट्रॅक्टर ३००० मीटर उंचीवर नेला की कुरकुरायला लागतो. नांगर जमिनीत शिरला की इंजिन घुसमटतं, सायलेन्सर काळा धूर ओकतो, टाकी लवकर रिकामी होते. कारण विचारलं तर बहुतेक जण सांगतात, वर ऑक्सिजन कमी असतो. हे खरं आहे, पण अर्धंच. कमी ऑक्सिजनमुळे ताकद घटते आणि तिला आपला इलाज नाही. काळा धूर मात्र कार्बुरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, चुकीमुळे येतो आणि ती चूक सुधारता येते. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की धडधाकट इंजिन उघडून रिंगा आणि व्हॉल्व्ह बदलले जातात आणि धूर तसाच राहतो.

आधी हवेचं पाहू. ऑक्सिजनचा वाटा वरही सुमारे २१ टक्केच असतो. घटते ती हवेची घनता. समुद्रसपाटीवर १५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे १.२२ किलो भरते. १५०० मीटरवर सरासरी १.०६ किलो आणि ३००० मीटरवर ०.९१ किलो. सिलिंडर मात्र दर खेपेला तेवढ्याच आकारमानाची हवा ओढतो, त्यामुळे ३००० मीटरवर त्याच्या वाट्याला चतुर्थांश हवा कमी येते. ढोबळ हिशेब असा, की दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के ताकद जाते. २० अश्वशक्तीचं इंजिन तिथे १४-१५ अश्वशक्तीचंच उरतं. कितीही ट्यूनिंग केलं तरी ही घट भरून निघत नाही. त्यासाठी हवाच दाबून भरावी लागते. १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने कोलोरॅडोतल्या सुमारे ४३०० मीटर उंच पाइक्स पीकवर नेमकं हेच केलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं विमानाचं लिबर्टी इंजिन शिखरावर २३० वर आलं होतं; टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारं यंत्र, जोडल्यावर त्याने पुन्हा सुमारे ३५६ अश्वशक्ती दिली.

आता कार्बुरेटर. त्याच्या मधोमध व्हेंच्युरी नावाचा अरुंद गळा असतो. तिथून हवा वेगाने जाताना दाब पडतो आणि त्या फरकामुळे खालच्या फ्लोटच्या भांड्यातलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे एका बारीक भोकातून, वर ओढलं जातं. खरी गंमत या ओढीत आहे. इंजिनाचा वेग तोच राहिला तर व्हेंच्युरीतला दाबाचा फरक हवेच्या घनतेच्या प्रमाणात कमी होतो, पण जेटमधून येणारं पेट्रोल त्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतं. म्हणजे ३००० मीटरवर हवा २६ टक्के घटते आणि पेट्रोल घटतं जेमतेम १४ टक्के. मिश्रण सुमारे १६ टक्के रिच, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोलचं, होतं. १५०० मीटरवर हाच आकडा ७-८ टक्के असतो. कार्बुरेटर हवेचा वेग ओळखतो, तिचं वजन त्याला कळत नाही, एवढाच याचा अर्थ.

जळायला पुरेशी हवा नाही म्हटल्यावर जास्तीच्या पेट्रोलची काजळी होते. प्लग काढून पाहावा: नीट चाललेल्या इंजिनाचा प्लग फिकट तपकिरी असतो, रिच इंजिनाचा मखमलीसारखा काळा, बोट लावलं तर काजळी हाताला येणारा. धुरापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या नुकसानीची. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी चढलेली दिसत असेल, तर ऑइल तातडीने बदलावं.

गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग कायम राखणारी यंत्रणा, ही गोष्ट काही काळ लपवतो. हलक्या लोडवर तो थ्रॉटल (इंजिनात जाणारं मिश्रण कमी-जास्त करणारी झडप) जरा जास्त उघडून फेरे कायम ठेवतो, सगळं ठीक वाटतं. लोड आला की कळतं, थ्रॉटल आधीच जवळजवळ पूर्ण उघडलेला आहे आणि हाताशी काही उरलेलं नाही.

दुरुस्तीआधी एअर फिल्टर स्वच्छ आहे ना आणि चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडतो ना, हे बघावं; दोन्हींची लक्षणं अगदी अशीच असतात. अनेक जुन्या ट्रॅक्टरांच्या मेन जेटला बाहेरून फिरवता येणारी सुई असते. इंजिन गरम झाल्यावर, लोडवर चालत असताना, ती पाव फेऱ्याहूनही कमी अशी थोडीथोडी आत घ्यावी. इंजिन अडखळायला लागलं की किंचित मागे सोडावी. नुसत्या आयडलवर, म्हणजे लोडविना मंद चालताना, हे ट्यूनिंग होत नाही. आयडलच्या स्क्रूचं वेगळंच आहे: तो थ्रॉटलच्या इंजिनाकडच्या बाजूला असेल तर सहसा मिश्रण नियंत्रित करतो, म्हणून आत घेतल्यावर ते लीन, म्हणजे कमी पेट्रोलचं, होतं, फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा नियंत्रित करतो, म्हणून आत घेतल्यावर उलट रिच होतं. नव्या छोट्या इंजिनांत सुई नसते, तिथे लहान भोकाचा जेट बसवावा लागतो. ३००० मीटरसाठी १ मिलिमीटरच्या जागी साधारण ०.९३ मिलिमीटर. फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तारेने भोक साफ करताना ते मोठं होणार नाही याची फार काळजी घ्यावी.

विरळ हवेत दाबलेल्या मिश्रणाचा दाबही कमी राहतो, ज्योत हळू पसरते. त्यामुळे ठिणगीची वेळ थोडी आधी घेतली तर फायदा होतो. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी आपल्या काही ट्रॅक्टरांसाठी उंच प्रदेशाचे खास, कॉम्प्रेशन वाढवणारे पिस्टन देत असे. खाली असं कॉम्प्रेशन ठेवलं तर नॉकिंग होईल, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोके देईल. उष्णतेचाही हिशेब धरावा लागतो: ४० अंशांच्या दुपारी हवा १५ अंशांपेक्षा ८ टक्के विरळ असते, म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने ट्रॅक्टर सुमारे ८०० मीटर आणखी वर गेलेला असतो.

खाली उतरताना मात्र विसरून चालत नाही. उंचीसाठी घट्ट केलेली सुई किंवा छोटा जेट सपाटीवर तसाच राहिला तर मिश्रण लीन होतं, ज्वलनाचं तापमान चढतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, कधी पिस्टनलाही भोक पडतं. रिच चालणं इंजिनाला हळूहळू मारतं. लीन मिश्रणावर पूर्ण लोड दिला तर एका दिवसातही काम तमाम होऊ शकतं. म्हणून नांगर जोडण्याआधी जुना जेट परत बसवावा आणि ठिणगीची वेळही मूळ जागी आणावी.