सामान्यज्ञान आणि बुद्धिमत्ता

कोणत्याही विषयाचा मुद्दाम अभ्यास न करता शाळा, घर, वाचन आणि गप्पा यांतून माणसाजवळ साठत गेलेली जगाची माहिती म्हणजे सामान्यज्ञान. बुद्धिमत्तेशी त्याचे नाते जवळचे आहे. ‘पोराचं जीके चांगलं आहे, हुशार आहे,’ हे बडोद्याच्या मराठी घरांतले नेहमीचे वाक्य त्यामुळे निराधार म्हणता येत नाही. मात्र माहिती कमी म्हणून बुद्धी कमी, हा उलटा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो मुलांवर अन्याय करतो.

डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या बुद्धिमापन चाचणीत ‘माहिती’ ही स्वतंत्र उपचाचणी होती. शब्दसंग्रहाप्रमाणेच तिच्यातले गुणही एकूण बुद्ध्यांकाशी चांगले जुळतात. एखाद्या देशाची राजधानी सांगायला डोके चालवावे लागत नाही, मग असे का व्हावे? याचा उलगडा रेमंड कॅटेल यांच्या सिद्धान्तातून होतो. त्यांनी १९४३ मध्ये बुद्धिमत्तेचे दोन प्रकार मांडले: अनोळखी प्रश्नाला भिडणारी प्रवाही आणि शिकण्यातून, अनुभवातून घडणारी स्फटिकीभूत. प्रवाही बुद्धी वर्षानुवर्षे शिकण्यात गुंतवली जाते आणि तिची कमाई ज्ञानाच्या रूपाने साठत जाते. तरुणपणानंतर प्रवाही बुद्धी हळूहळू ओसरते, पण ही साठवण उतारवयातही बराच काळ टिकते. नव्या मोबाइलपुढे अडखळणारे आजोबा जुन्या बडोद्याबद्दल विचारले की तासभर बोलतात, ते याच बळावर.

बुद्धी कुठे गुंतवायची हे आवड ठरवते. फिलिप अ‍ॅकरमन यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात म्हणूनच स्वभाव आणि रुची यांनाही स्थान आहे. शिवाय ज्ञानालाच ज्ञान चिकटते. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. खेळ माहीत असलेल्या, पण वाचनात कच्च्या मुलांना तो उतारा चांगला आठवला. वाचनात पक्की असूनही खेळ माहीत नसलेली मुले त्यांच्या मागे पडली. बडोद्यात बेसबॉलच्या जागी क्रिकेट ठेवावे. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. क्रिकेटवेड्या मुलाला हा आकडा एकदा ऐकून पाठ होतो, कारण रणजी, होळकर, चौथा गडी या खुंट्या त्याच्या डोक्यात आधीच ठोकलेल्या असतात. इतरांना तो दहादा घोकावा लागतो.

या सगळ्याआधी येते ती संधी. घरात पुस्तक नसेल तर तल्लख मुलाची बुद्धीही गुंतवायची कशात? सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या आणि मुलांसाठी ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ निघाली. ग्रंथालयांच्या इतिहासात सांगितले जाणारे हे काम बुद्धिमत्तेच्या चर्चेतही सांगायला हवे.

चाचणीतला प्रश्न कुणाच्या जगातून आला आहे, हाही मुद्दा उरतो. ‘नवीन वर्ष कधी सुरू होतं?’ असे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी मुलाला विचारले तर घरचे उत्तर गुढीपाडवा, शेजारच्या गुजराती काकूंचे दिवाळीनंतरचे बेसतुं वरस आणि शाळेचे १ जानेवारी. ते मूल क्षणभर थांबते. ते थांबणे अज्ञानाचे नाही, त्याला तिन्ही उत्तरे माहीत आहेत. पण उत्तरसूचीत एकच उत्तर असेल तर गुण जातो.

ही अडचण टाळण्यासाठी माहिती न विचारणाऱ्या चाचण्याही झाल्या. मुलाला माणसाचे चित्र काढायला सांगून त्यातल्या तपशिलांवरून गुण देण्याची पद्धत फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये मांडली. बडोद्यात बालविकासाच्या मापनाचे मोठे काम करणाऱ्या प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी तिची मोजपट्टी तयार केली. येथे राजधान्या पाठ असाव्या लागत नाहीत. मान काढली का, बोटे पाच आहेत का, कपडे दिसतात का, हे पाहिले जाते. तरीही ज्या मुलाच्या हाती पेन्सिल फारशी आलेलीच नाही, त्याचा हात इथेही अडतो.