चौदा तारीख की दशमी? नागपुरातल्या जुळणाऱ्या दिवसांची पार्श्वभूमी

२ ऑक्टोबर २०२५ रोजी दसरा, गांधी जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन एकाच दिवशी आले. नागपुरातच १९२५ च्या दसऱ्याला स्थापन झालेल्या एका संघटनेची शंभरीही त्याच दिवशी भरली. अशा दिवशी ज्यांच्या घरी पाळणा हलतो किंवा ज्यांचे कोणी जाते, त्यांना तो दिवस आपल्यासाठीच ठरलेला होता असे वाटते. नागपुरात ही भावना फार खोल आहे. तिचा उगम शोधायचा तर १९५६ च्या शेवटच्या तीन महिन्यांकडेच जावे लागते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मुलाचे नाव नक्षत्राच्या चरणावरून निघे. २७ नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ आद्याक्षरे. वाढदिवस तिथीने होई, श्राद्धही तिथीनेच. इंग्रजी तारीख कचेरीत आणि शाळेच्या दाखल्यावर असे, घरात तिचे फारसे काम पडत नसे.

१९५६ मध्ये काय घडले ते नागपूरकराला सांगायला नको. फक्त क्रम ध्यानात घ्यावा. १४ ऑक्टोबरला दीक्षा झाली, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचना झाली आणि नागपूरचे राजधानीपण गेले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. एका पिढीने आपल्या घरातली लग्ने, बाळंतपणे, नोकऱ्या या तीन खुणांवरून मोजल्या. 'दीक्षेच्या साली', 'बाबासाहेब गेले त्या थंडीत' असे सांगणारी माणसे वस्त्यावस्त्यांत होती.

त्या वर्षीचा दिवस मात्र योगायोगाने आलेला नव्हता. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २,५०० वर्षे झाल्याचे ते वर्ष होते. सम्राट अशोकाने ज्या दिवशी युद्ध सोडून धम्माचा मार्ग धरला असे परंपरा मानते, ती विजयादशमी निवडली गेली. त्या वर्षी ती रविवारी, १४ ऑक्टोबरला आली. शहराच्या निवडीबद्दलही तर्कवितर्क झाले. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी ते खोडून काढले: इथे एका विशिष्ट संघटनेचे ठाणे आहे म्हणून नागपूर निवडलेले नाही, नाग लोकांनी धम्माचा प्रसार केला, त्यांची वस्ती या भागात होती, म्हणून निवडले. शहराच्या आणि नदीच्या नावात कुणाला नुसता योग दिसला असता, त्यांनी तिथे इतिहासाचा पुरावा वाचला. पुढे घराघरांत दिवस जुळवून पाहण्याची जी सवय लागली, तिच्यापेक्षा हे वेगळे काम होते. हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच बहुतेक वेळा नजरेआड होतो.

खरा गुंता नंतर सुरू झाला. वर्धापन दिन कोणता धरायचा, तिथी की तारीख? नागपुरात मुख्य सोहळा अशोक विजयादशमीला होतो आणि १४ ऑक्टोबरलाही लोक दीक्षाभूमीवर जातात. चंद्रपुरात, जिथे १६ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली, सोहळा दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला, म्हणजे तारखेने होतो. एकाच आठवड्यात, एकाच माणसाच्या हातून घडलेल्या दोन घटना आणि स्मरणाचे दोन मार्ग. तारखेच्या बाजूने बोलणारे म्हणतात, पंचांग सोडायचे ठरल्यावर तिथी कशाला धरायची? हा युक्तिवाद हलका नाही. दसरा धरला तर दिवस सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत कुठेही सरकतो, शिवाय दशमी कोणत्या दिवशी धरायची यावर कधी कधी पंचांगांतच मतभेद असतो. तिथीचे समर्थक म्हणतात, निवड विजयादशमीची झाली होती. १४ हा आकडा त्या वर्षीच्या पंचांगाने दिला. मला हे म्हणणे अधिक पटते. दिवसामागचे कारण अशोकाशी जोडलेले आहे, आणि ते कारण दशमीसोबत चालते, चौदा तारखेसोबत नाही. शिवजयंतीचाही असाच वाद महाराष्ट्राने पाहिला आहे. सरकारने १९ फेब्रुवारी ठरवली, तरी फाल्गुन वद्य तृतीयेला मिरवणुका निघायच्या थांबल्या नाहीत.

पण लोकांच्या मनात घर केले ते चौदानेच. १४ एप्रिल १८९१ ला जन्म, १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा, आणि पुढे १४ जानेवारी १९९४ ला मराठवाड्यातल्या विद्यापीठाचा नामविस्तार. ज्याचा वाढदिवस कोणत्याही महिन्याच्या चौदाला येतो, तो ही माळ आपल्यापर्यंत ओढतो. त्याच्या भावनेचा मला आदर आहे. तरी माळेत न बसणाऱ्या तारखाही मांडल्या पाहिजेत. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ चे, काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० चा, येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, घटना स्वीकारली ती २६ नोव्हेंबर १९४९ ला. यांतली एकही चौदाला येत नाही. जुळलेले लक्षात राहते आणि न जुळलेले गळून पडते. जगभर योगायोगांचा अभ्यास करणारे याच ठिकाणी बोट ठेवतात. गणित तर त्याहून साधे आहे: २३ माणसे एका खोलीत असली की त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते.

नावांचेही तसेच. दीक्षेनंतर बारशाला नक्षत्राचे अक्षर मागे पडले आणि सिद्धार्थ, गौतम, राहुल, यशोधरा ही नावे घराघरांत आली. एखाद्याला कचेरीत आपल्याच नावाचा, आपल्या वडिलांच्याच नावाच्या बापाचा सहकारी भेटतो आणि दोघेही थबकतात. इंदोरा किंवा पाचपावलीत वाढलेल्या माणसाला हे वारंवार घडते. नशिबाने त्यांना एकत्र आणले असेल-नसेल. त्यांच्या आईबापांनी एकाच दशकात एकाच ओढीने नाव निवडले होते, एवढे मात्र नक्की. ती ओढ मला कुठल्याही दैवी संकेतापेक्षा मोठी वाटते.

त्या पिढीच्या जन्मतारखांबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्याआधी जन्मलेल्या कित्येकांची तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली, म्हणूनच इतक्या ज्येष्ठांच्या दाखल्यावर १ जून किंवा १ जुलै दिसते. अशा तारखेवर भविष्य किंवा अंक मांडणे म्हणजे प्रवेशाच्या हंगामाचे भविष्य मांडणे आहे.

आता २०२५ च्या त्या तिहेरी योगाकडे. १९ सौर वर्षे आणि २३५ चांद्र महिने यांची लांबी जवळजवळ सारखी असते, फरक काही तासांचाच. म्हणून तिथी आणि तारीख दर १९ वर्षांनी पुन्हा भेटतात, कधी एखाद्या दिवसाच्या फरकाने. क्वचित अधिक महिना आडवा येऊन गणित चुकवतो. प्रत्येकाच्या आयुष्यात साधारण १९, ३८ आणि ५७ व्या वाढदिवसाला हे घडते, आणि कितीतरी घरांत त्याला शुभ संकेत मानले जाते. १९८७ चा दसराही २ ऑक्टोबरला होता. २००६ चाही होता, आणि ते तर दीक्षेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष होते. गांधी जयंतीच्याच दिवशी दीक्षाभूमीवर गर्दी लोटली होती. 'असा योग पहिल्यांदाच' असे २०२५ मध्ये म्हणणाऱ्यांतले अनेक जण २००६ मध्ये तिथे उभे असणार.

याच हिशेबाने दीक्षेची तिथी १४ ऑक्टोबरजवळ पुन्हा येईल ती २०३२ मध्ये, आणि मग २०५१ मध्ये. शताब्दीच्या वर्षी, २०५६ मध्ये, दसरा चारपाच दिवस पुढे सरकलेला असेल. म्हणजे शंभराव्या वर्षी नागपुरात पुन्हा दोन दिवस समोर असतील, आणि मुख्य सोहळा कोणत्या दिवशी हे माणसांनाच ठरवावे लागेल.