गर्भवतीच्या तपासणीमागचा इतिहास

गर्भवती तपासणीला आली की परिचारिका तिचे वजन घेते, रक्तदाब मोजते, लघवी तपासते, पोटाला हात लावून गर्भाची स्थिती पाहते, ठोके ऐकते आणि पुढची तारीख देते. हा क्रम इतका सवयीचा झाला आहे की तो फार जुना असावा असे वाटते. प्रत्यक्षात निरोगी गर्भवतीला ठरावीक काळाने तपासावे ही कल्पना जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे. त्याआधी सुईण किंवा वैद्य यांना बोलावले जाई ते प्रसूतीच्या वेळी, नाहीतर काही बिघडल्यावर.

तपासणीची साधने मात्र या कल्पनेच्या आधीपासून, एकेक करून जमत गेली होती. केर्गारादेक या फ्रेंच वैद्याने 1821 मध्ये, स्टेथोस्कोप नवा असतानाच, गर्भाचे ठोके ऐकल्याचे पॅरिसमध्ये मांडले. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील जॉन लीव्हर यांना 1843 मध्ये असे आढळले की, ज्या गर्भवतींना झटके येतात त्यांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन असते. पोट चाचपून गर्भाचे डोके कुठे आहे हे ओळखण्याची पद्धत पॅरिसच्या आदोल्फ पिनार यांनी रुजवली, आणि गर्भाचे ठोके ऐकण्याचा त्यांच्या नावाचा कर्णा 1895 मधला आहे. पुढच्याच वर्षी रिव्हा-रोची यांचे दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र आले. झटके येण्याच्या कितीतरी आधी लघवी आणि रक्तदाब धोक्याची सूचना देऊ शकतात, हे यातून हळूहळू उमगले. मात्र ती सूचना हाती यायची तर त्या स्त्रीला काहीही होत नसताना कोणीतरी तपासायला हवे होते.

हे काम नेमाने प्रथम केले ते परिचारिकांनी. बॉस्टनमध्ये 1901 पासून घरोघरी जाणाऱ्या परिचारिका प्रसूतिगृहात नाव नोंदवलेल्या गर्भवतींना प्रसूतीआधी भेटू लागल्या. 1909 मध्ये एलिझाबेथ लोवेल पुटनम यांच्या पुढाकाराने याच शहरात दर दहा दिवसांनी अशी भेट देण्याचा उपक्रम सुरू झाला. एडिंबरामध्ये प्रसूतितज्ज्ञ जॉन बॅलंटाइन यांनी 1901 मध्येच गर्भवतींसाठी स्वतंत्र रुग्णालयाची मागणी लेखातून केली, आणि त्यांच्या प्रयत्नांतून तेथील प्रसूती रुग्णालयात गर्भवतींसाठी एक खाट राखून ठेवण्यात आली. इतिहासात नाव बॅलंटाइन यांचे अधिक घेतले जाते, पण त्यांचा मूळ ओढा गर्भातील व्यंगांच्या अभ्यासाकडे होता. आईच्या उंबरठ्यावर जाऊन तिची विचारपूस करण्याचा वारसा माझ्या मते बॉस्टनच्या त्या परिचारिकांकडेच जातो. अमेरिकेतील केंटकीच्या डोंगराळ भागात मेरी ब्रेकिनरिज यांनी 1925 मध्ये सुरू केलेल्या सेवेतील परिचारिका तर घोड्यावरून गर्भवतींपर्यंत पोहोचत.

आज ओळखीचे असलेले वेळापत्रक ब्रिटनमधून आले. तेथील आरोग्य मंत्रालयाने 1929 मध्ये असे सुचवले की पहिली तपासणी 16 व्या आठवड्यात, मग 24 व्या आणि 28 व्या, त्यानंतर 36 व्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्याला आणि शेवटी दर आठवड्याला व्हावी. याच तारखा का, याचे कारण दिले गेले नव्हते आणि कोणत्याही चाचणीचा आधारही नव्हता. तरीही हा आराखडा अनेक देशांनी जवळपास तसाच उचलला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. शंका मात्र लगेच उपस्थित झाल्या होत्या. तपासणी केंद्रे वाढूनही ब्रिटनमध्ये मातामृत्यू कमी होत नव्हते. ते ठळकपणे घटले ते 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात, सल्फोनामाइड औषधांनी प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग आटोक्यात येऊ लागल्यावर. रक्तस्राव आणि संसर्ग यांचा बंदोबस्त प्रसूतीच्या वेळीच करावा लागतो. केवळ आधीच्या तपासण्यांनी ते टळत नाहीत.

वेळापत्रकाची खरी परीक्षा सत्तर वर्षांनी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने अर्जेंटिना, क्यूबा, सौदी अरेबिया आणि थायलंडमधील 53 केंद्रांत 24 हजारांहून अधिक स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. कमी धोक्याच्या गर्भवतींना कमी पण नेमक्या भेटी दिल्या तरी चालते, असे त्यातून दिसल्यामुळे चार भेटींचा आराखडा पुढे आला. नंतर याच माहितीची पुन्हा छाननी झाली, तेव्हा कमी भेटींच्या गटात 32 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान गर्भमृत्यू अधिक आढळले. त्यामुळे 2016 मध्ये संघटनेने किमान आठ वेळा तपासणी सुचवली: पहिली 12 आठवड्यांपर्यंत, मग 20, 26, 30, 34, 36, 38 आणि 40 व्या आठवड्यात. शेवटच्या तीन महिन्यांतच पाच वेळा गाठ पडावी, हा या रचनेचा गाभा आहे.

त्याच मार्गदर्शनात ‘भेट’ या शब्दाऐवजी ‘संपर्क’ हा शब्द आला. तो फरक किरकोळ वाटला तरी अर्थपूर्ण आहे, कारण स्त्रीने केंद्रात हजेरी लावली एवढ्याने संपर्क होत नाही. तिच्याशी बोलणे, तिची भीती आणि घरची स्थिती जाणून घेणे हेही त्यात अपेक्षित आहे. आपल्या तपासणीच्या नोंदी स्त्रीने स्वतःजवळ बाळगाव्यात, आणि जिथे सुईणसेवा सक्षम आहे तिथे ओळखीच्याच प्रसाविकेने गर्भारपणापासून प्रसूतीनंतरपर्यंत सोबत करावी, अशाही शिफारशी त्यात आहेत.