अंगावर तीन पांघरुणं, तरी थंडी का वाजते?

२९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. निफाडचं तर विचारूच नका, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर फिरायला लागला की समजायचं, हुडहुडी आली. आणि आपली घरं कशी? सगळी एप्रिल-मे डोळ्यासमोर ठेवून बांधलेली. गार फरशी, वर उघडा स्लॅब, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या ज्या कधीच पूर्ण बंद होत नाहीत, बाथरूमला कायमचा उघडा झरोका. उन्हाळ्यात हे सगळं बरं असतं, पण डिसेंबर-जानेवारीत त्याच घरात पहाटे दात वाजतात. वर्षातून दीड-दोन महिन्यांसाठी हिटर घ्यायचा आणि विजेचं बिल वाढवायचं म्हणजे जिवावर येतं, मग लोक काय करतात तर कपाटातली होती नव्हती ती पांघरुणं काढून एकावर एक अंगावर ओढतात. आणि तरीही थंडी वाजतेच. कारण उष्णता पळते भलतीकडून.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, आपलं शरीर स्वतःच हिटर आहे. नुसतं शांत बसलेला मोठा माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतकी, आणि झोपेत ७०-८० वॅट. ही उष्णता जेवढ्या वेगाने तयार होते त्यापेक्षा जास्त वेगाने निघून जायला लागली की आपल्याला थंडी वाजते. त्यामुळे अख्खी खोली तापवायची गरजच नाही, हे १०० वॅट अंगाजवळ टिकवले तरी भागतं.

ती जाते कशी? थोडी घाम आणि श्वासातून, थोडी हवेच्या झुळकीबरोबर, थोडी ज्याला अंग टेकलंय त्या वस्तूत, आणि घरात निवांत बसलेलं असताना बराच मोठा वाटा जातो रेडिएशनने, म्हणजे अंगातून निघणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांतून. आपण भिंतींकडे उष्णता फेकतो, भिंती आपल्याकडे फेकतात, पण भिंत गार असेल तर हा व्यवहार तोट्यातच जाणार. म्हणून होतं काय की खोलीतली हवा २० अंश आहे आणि भिंती नि छत १४ अंशांवर, तर अंगाला ते साधारण १७ अंशांसारखं वाटतं. थर्मामीटर बघून "एवढी कुठे थंडी आहे" म्हणणारे घरोघरी असतात, त्यांना हे सांगा. आणि पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटवलेला असेल तर तो आतल्या भिंतीकडे सरकवा, फुकटचं काम आहे.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची अवस्था जास्त वाईट, कारण निरभ्र रात्री स्लॅब आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत असतो आणि स्वच्छ कोरडं आकाश फारसं काही परत देत नाही. त्यामुळे उघड्यावरचा पृष्ठभाग आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होऊ शकतो. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या परिसरात हवा शून्याच्या वर असतानाही गाडीच्या टपावर दवबिंदू गोठतात ते याचमुळे, आणि ढगाळ रात्री थंडी कमी वाटते तीही याचमुळे, ढग खालून आलेली उष्णता बऱ्यापैकी परत पाठवतात. वरच्या मजल्यावर असाल तर थंडीपुरतं झोपायला दुसऱ्या खोलीत जा, जिच्या डोक्यावर दुसरी खोली आहे किंवा जिच्या भिंती दोन्हीकडून घरातल्याच आहेत. ते जमत नसेल तर छताखाली जाड कापड ताणून बांधलं तरी फरक पडतो, मग अंगाला समोर गार स्लॅब "दिसत" नाही.

दिवसा मात्र ऊन वाया घालवू नका. नाशिकच्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४६-४७ अंश वर असतो आणि दिवसभर दक्षिणेकडूनच फिरतो. मेमध्ये जो डोक्यावर असतो तोच हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून थेट आत येतो. एक चौरस मीटर काचेतून दुपारी तीन-चारशे वॅट सहज आत येतात, म्हणजे खोलीत तीन-चार माणसं जास्तीची बसल्यासारखं. त्यामुळे दक्षिणेचे पडदे सकाळपासून पूर्ण उघडे ठेवायचे आणि ऊन उतरलं की लगेच ओढून घ्यायचे, काळोख व्हायची वाट बघायची नाही. पडदा जाड हवा आणि खाली जमिनीपर्यंत हवा, नाहीतर काचेजवळ गार झालेली जड हवा पडद्याखालून पायांवर येते. सरकत्या खिडकीच्या फटीत जुन्या कापडाच्या गुंडाळ्या खोचा, दाराखाली पायपुसणं सरकवा.

फरशीचं विज्ञान तर मजेशीर आहे. त्याच खोलीत फरशीही १८ अंशांवर आणि सतरंजीही १८ अंशांवर, पण फरशीवर पाय ठेवला की चटका बसतो, सतरंजीवर नाही. तळव्याची त्वचा ३२ अंशांच्या आसपास धरली तर ढोबळ हिशोबाने टाइलला टेकल्या क्षणी तळव्याला सुमारे २४ अंश जाणवतात आणि सुती जाड बैठकीवर ३० च्या वर. टाइल भराभर उष्णता ओढून घेते, कापूस घेत नाही, एवढाच फरक. घरात चप्पल किंवा मोजे घालायला ज्यांना कसंतरी वाटतं त्यांनी निदान बसायच्या-उभं राहायच्या जागी काहीतरी अंथरा.

आता झोपायचं. खरी गडबड इथेच आहे. पांघरूण वर कितीही घ्या, तुम्ही झोपलात की तुमचं वजन खालच्या गादीवर पडतं. कापूस उबदार नसतोच मुळात, उबदार असते ती त्याच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा. स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. चार-पाच वर्षं वापरलेली गादी दबून पापड झालेली असते, तिच्यात हवा उरलेलीच नसते, आणि तीच गादी जमिनीवर अंथरली असेल तर खालची फरशी रात्रभर पाठीतून ऊब ओढते. पूर्वी पिंजारी यायचे, दारात बसून कापूस पिंजून द्यायचे, ते फक्त गादी मऊ करत नव्हते तर तिच्यात हवा परत भरत होते. आता पिंजारी मिळणं कठीण, मग दुसरा उपाय म्हणजे घरातली सगळ्यात जड गोधडी किंवा वाकळ अंगाखाली घाला आणि वर हलकी, फुगीर रजई घ्या. बहुतेक घरात नेमकं उलटं चालतं! जड गोधडी रजईच्या वर टाकली की रजई दबते आणि तिच्यातली हवा निघून जाते. गोधडीत जुन्या साड्या-धोतरांचे थरावर थर धावदोऱ्याने शिवलेले असतात, ती वजनाखाली रजईइतकी दबत नाही, म्हणून खाली घालायला तीच चांगली.

दुसरं म्हणजे ऊन दाखवणं. झोपेत आपल्याला घाम आला नाही तरी त्वचेतून वाफ निघतच असते आणि त्यातली बरीच अंथरुणात मुरते. पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या जवळपास पंचवीसपट वेगाने जाते, त्यामुळे दमट गादी म्हणजे गार गादी. आज्या दर चार दिवसांनी अंथरुणं गच्चीवर वाळत टाकायच्या त्यामागे हे सरळ भौतिकशास्त्र आहे. फक्त ऊन असतानाच आत आणायची, संध्याकाळचा गारवा पडल्यावर आणली तर ओल परत येते.

घोंगडी मात्र वेगळी चीज आहे. लोकरीचा तंतू नागमोडी असतो म्हणून हवा भरपूर धरतो, आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास वाफ शोषून घेते तरी हाताला ओली लागत नाही, उलट वाफ शोषताना थोडी उष्णताच बाहेर टाकते. पावसापाण्यात मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांच्या खांद्यावर ती उगाच नाही. टोचते हे खरं, मग आत सुती चादर घ्या.

थंडी वाजायला लागली की शरीर पहिलं काय करतं तर हातापायांचा रक्तपुरवठा कमी करतं, पोटातले अवयव गरम ठेवायला. म्हणून पाय बर्फासारखे होतात आणि झोप येत नाही, कारण झोप लागण्याआधी शरीराला हातापायांतून थोडी उष्णता सोडायची असते. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं होतं की हातपाय गरम असले की झोप लवकर लागते. मोजे घाला, सैल घाला. गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवा, दीड लिटर पाणी ६० वरून ३५ अंशांवर यायला चार तास लागले तरी सरासरी ११ वॅट मिळतात, आकडा छोटा वाटतो पण पांघरुणाच्या आत तो पुष्कळ झाला. उकळतं पाणी मात्र भरू नका, आणि पिशवीला कापड गुंडाळा.

आणि तो पंखा बंद करा हो! डासांसाठी म्हणून भर थंडीत एक नंबरवर पंखा लावून वर दोन ब्लँकेटं घेणारे लोक मी बघितलेत. मच्छरदाणी लावा, डासही जातील आणि अंगाभोवतीची हवा स्थिर राहील ते वेगळंच.

खाण्याचं थोडक्यात सांगते. तीळ, गूळ, तूप, बाजरीची भाकरी यांच्यात इंधन भरपूर आहे, वाद नाही. पण खाल्ल्यावर पचवताना जी उष्णता लगेच तयार होते ती स्निग्ध पदार्थांनी सगळ्यात कमी आणि प्रथिनांनी सगळ्यात जास्त, त्यामुळे रात्रीच्या जेवणात पिठलं किंवा घट्ट वरण असेल तर उत्तम. दारूने ऊब येते हा निव्वळ भास, त्वचेकडचं रक्त वाढतं म्हणून गरम वाटतं आणि त्याच वाटेने उष्णता बाहेर जाते.

शेकोटी किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नको. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना रंग ना वास, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. माणूस झोपेतच जातो. खोलीत धूर दिसत नाहीये एवढ्यावरून काही कळत नाही, धगधगते निखारे तर धूरही करत नाहीत.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्या "मला नाही वाजत थंडी" वर विसंबू नका. वयानुसार गारवा जाणवणं कमी होतं, त्वचेच्या रक्तवाहिन्या पटकन आकुंचन पावत नाहीत आणि हुडहुडीही उशिरा भरते, म्हणजे थंडी असते, शरीर ओरडत नाही एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड ऋतूत घरात किमान १८ अंश असावेत असं सुचवलंय, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याहून थोडे जास्तच लागतात. घरातली सगळ्यात उबदार खोली त्यांना द्या. पहाटे त्यांचं पोट कपड्याच्या आतून हाताला गार लागलं, बोलणं अडखळत असेल, काहीतरी असंबद्ध बोलत असतील तर पांघरूण वाढवत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.